मिनिकॉयच्या कडेवरचे बॉयलर

अरबी समुद्राच्या नकाशात भारताच्या नैऋत्येला दोन वाटा दिसतात. नाइन डिग्री चॅनेल आणि एट डिग्री चॅनेल. नवव्या अक्षांशावरून जाते ती नाइन डिग्री, आठव्यावरून जाते ती एट डिग्री. नाव ठेवणाऱ्याने डोक्याला फारसा ताप दिलेला नाही. आखाताकडून, एडनकडून किंवा सुएझकडून पूर्वेला जाणारं जहाज बहुतेक करून यांपैकी एका वाटेने जातं, येणारंही तसंच येतं. या दोन वाटांच्या मधोमध एकटं पडलेलं बेट म्हणजे मिनिकॉय. उत्तरेला बाकीचं लक्षद्वीप, दक्षिणेला मालदीव, आणि मध्ये हे.

इथले लोक बेटाला मलिकू म्हणतात. भाषा महल, म्हणजे मालदीवच्या दिवेहीची सख्खी बहीण. कवरत्तीहून आलेल्या मल्याळम बोलणाऱ्या माणसाला ती कळत नाही, तिथे आपली काय कथा. लांबी साधारण दहा किलोमीटर आणि क्षेत्रफळ साडेचार चौरस किलोमीटरही नाही, त्यावरून रुंदीचा अंदाज करा. जमीन समुद्रापासून दोन-तीन मीटर वर. लांबून दिसतात ते फक्त माडांचे शेंडे आणि दीपगृह. पुरुष पिढ्यान् पिढ्या जहाजावर नोकरी करत आले आहेत. आजही घरटी एखादा तरी मर्चंट नेव्हीत सापडतो, आणि हॅम्बर्ग किंवा सँतोसबद्दल तो आपल्यापेक्षा जास्त सांगू शकतो.

युनिटबद्दल आणि कामाबद्दल नेहमीप्रमाणे काही लिहिणार नाही. जे वर्तमानपत्रांत येऊन गेलं आहे तेवढंच: नौदलाची छोटी तुकडी इथे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे, आणि ६ मार्च २०२४ ला तिचं रूपांतर आयएनएस जटायू या तळात झालं. का, ते नकाशातल्या दोन वाटा पाहिल्या की कळतं. मला लिहायचं आहे ते याच वाटांवरून जाताना इथे येऊन बसलेल्या, पुन्हा कधीच न निघालेल्या जहाजांबद्दल.

आपल्या कोकणचा समुद्र आणि हा समुद्र यात एक मोठा फरक आहे. कोकणात किनाऱ्याकडे येताना तळ हळूहळू वर येतो. जुना नाखवा शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडायचा, तळ किती वाव आहे ते बघायचा, वजनाच्या बुडाला लावलेल्या चरबीला चिखल चिकटला की वाळू ते पाहून जमीन किती लांब आहे ते सांगायचा. अंधारातही समुद्र त्याला आधी सूचना द्यायचा. मिनिकॉयला ही सोय नाही. हे प्रवाळाचं कंकण आहे, खोल समुद्राच्या तळातून उभ्या भिंतीसारखं वर आलेलं. दोरी सोडली तर तळ लागत नाही, पुन्हा सोडली तरी लागत नाही, आणि तिसऱ्यांदा सोडायच्या आत जहाज कडेवर चढलेलं असतं. दिवसा स्वच्छ हवेत माडांचे शेंडे फार तर पंधरा मैलांवरून दिसणार. दहा नॉटने जाणाऱ्या आगबोटीला तो दीड तासाचा अवधी. रात्री किंवा पावसाच्या सरीत तोही नाही, फक्त लाटा फुटण्याचा आवाज. खाली इंजिन धडधडत असताना तो आवाज ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो.

म्हणून या कडेवर लोखंड आहे.

आम्ही पाहिलं ते जहाज सात-आठ मीटर पाण्यात आहे. वरून, म्हणजे स्नॉर्कल लावून नुसतं तरंगत पाहिलं, तरी बहुतेक सगळं दिसतं. सुट्टीच्या दिवशी, भांगाची भरती पाहून, इथल्याच एका जुन्या खलाशाच्या होडीतून गेलो. भरती-ओहोटीत पाण्याचा फरक जेमतेम मीटरभर असतो, पण लगूनमधलं पाणी खिंडीतून बाहेर पडताना चांगलंच ओढतं, म्हणून वेळ बघावी लागते. तोंड पाण्यात घातल्यावर आधी काही कळत नाही. निळं पाणी, खडक, खडकावर पोपट मासे प्रवाळ कुरतडत आहेत, त्याचा कटकट आवाज. मग लक्षात येतं की समोरचा खडक फारच गोल आहे. निसर्गात इतकी नीट गोलाई नसते. तो बॉयलर.

एकदा बॉयलर ओळखला की बाकीचं जहाज आपोआप जुळत जातं. पिठल्यासारख्या एकसंध दिसणाऱ्या तळात रांगेने उभ्या असलेल्या बरगड्या दिसतात, म्हणजे जहाजाच्या सांगाड्याच्या पट्ट्या. बाजूचे पत्रे बाहेरच्या अंगाला पडलेले, उघडून पालथ्या ठेवलेल्या वहीसारखे. मधून जाणारी लांब नळी म्हणजे पंख्याचा दांडा, प्रॉपेलर शाफ्ट. पत्र्याखाली अंधारात वामीच्या जातीतला एक जाडजूड गृहस्थ तोंड उघडंमीट करत बसलेला. पट्टेदार पंखांचा, विषारी काट्यांचा मासा बॉयलरच्या तोंडाशी उलटा टांगल्यासारखा स्थिर. कशालाही हात लावायचा नाही हा नियम आधी ऐकून कंटाळा येतो, मासा पाहिल्यावर पटतो.

उथळ बुडालेल्या जहाजाबद्दल लोकांची एक कल्पना असते, सिनेमातून आलेली: डोलकाठी, शिडं, कप्तानाची खोली, उभं जहाज. तसं जहाज खोल आणि शांत पाण्यात मिळतं. कडेवरच्या उथळ पाण्यात दर पावसाळ्यात नैऋत्येच्या लाटा येऊन आपटतात. लाकूड पहिल्या काही वर्षांत जातं. डेक जातो, मग पत्रे सुटतात. उरतं ते सगळ्यात जड आणि सगळ्यात जाड: बॉयलर, इंजिन, शाफ्ट, नांगर, साखळी. म्हणजे जहाजाचं जे पोट प्रवाशांना कधी दाखवत नसत, तेच शेवटी शिल्लक राहतं. पहिल्या वर्गाच्या केबिनीचा मागमूस नाही आणि कोळसा टाकायचं भगदाड मात्र जसंच्या तसं.

आमच्याबरोबर सांगलीकडचा एक पोरगा होता. पोहायला कृष्णेत शिकलेला, समुद्राशी ओळख नोकरीत आल्यावरची. वर आल्यावर मास्क कपाळावर सरकवून त्याने विचारलं, "दादा, हेच का ते कोलंबो?"

कोलंबोची गोष्ट मी त्याला आदल्या रात्री सांगितली होती. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र पाण्याखालीच पडलेलं होतं, बॉयलरच्या आकारात.

इथे जरा यंत्राचं बोलायला हवं. १८५० च्या सुमाराच्या आगबोटीचा बॉयलर पेटीसारखा चौकोनी असायचा. त्यात वाफेचा दाब अगदी कमी. चपट्या भिंतीची पेटी जास्त दाब सोसू शकत नाही, फुगते आणि फाटते. दाब वाढवायचा तर भांडं गोल हवं. आपला प्रेशर कुकर चौकोनी नसतो, त्याचं कारण तेच. १८६० नंतर इंजिनात वाफ दोनदा वापरायची पद्धत रुळली: आधी छोट्या सिलिंडरमध्ये, मग तीच उरलेली वाफ मोठ्या सिलिंडरमध्ये. याने कोळसा वाचत होता, पण सुरुवातीचा दाब जास्त लागत होता. त्याबरोबर ढोलासारखा आडवा गोल बॉयलर आला, ज्याला स्कॉच बॉयलर म्हणतात. १८८० च्या दशकात वाफ तीनदा वापरणारी इंजिनं आली, तीन सिलिंडरची, एकापेक्षा एक मोठी. त्यामुळे समुद्राच्या तळाशी कागद, नाव, घंटा काही सापडलं नाही तरी बॉयलरचा आकार पाहून आणि सिलिंडर मोजून जहाजाच्या जन्माचं दशक सांगता येतं. पत्र्याचंही तसंच. १८८० च्या आधीचं घडीव लोखंड गंजताना त्याला लाकडासारखे रेषे सुटतात, नंतरचं पोलाद तसं गंजत नाही.

कोलंबो १८५३ चं. आम्ही पाहिलेले बॉयलर गोल, ढोलासारखे, एका टोकाला भट्ट्यांची गोल तोंडं. तेव्हा ते कोलंबो नव्हे, त्यानंतरचं कुणीतरी. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सागरी पुरातत्त्व विभागाने या बेटाभोवती बुड्या मारून वाफेच्या जहाजांचे अवशेष नोंदवले आहेत. त्यांत होख्स्ट नावाचं एक जर्मन मालवाहू जहाज आहे, १९०८ मध्ये इथे लागलेलं. आम्ही पाहिलं ते तेच, असं मी म्हणणार नाही. पिढी मात्र तीच किंवा जवळची.

आता कोलंबोची गोष्ट. पी अँड ओ कंपनीची ही टपालबोट १९ नोव्हेंबर १८६२ ला मिनिकॉयच्या कडेवर चढली. कलकत्त्याहून सुएझला चालली होती. सुएझचा कालवा तेव्हा व्हायचा होता, तो १८६९ चा. त्यामुळे वाट अशी होती: कलकत्ता, मद्रास, लंकेतलं गॉल, एडन, सुएझ. सुएझला सगळं उतरवायचं, आगगाडीने कैरोमार्गे अलेक्झांड्रियाला न्यायचं, तिथून दुसऱ्या बोटीने युरोप. एक गंमत बघा, कोलंबो नावाची ही बोट कोलंबो बंदरात थांबत नसे. कोलंबोला धक्क्याची भिंत १८८० च्या दशकात पुरी झाली. तोवर लंकेचं मोठं बंदर गॉलच.

गॉल सोडल्यावर मिनिकॉय साधारण साडेचारशे सागरी मैल, म्हणजे तेव्हाच्या बोटीला दोन दिवस. या दोन दिवसांत वाटेत जमीन दिसत नाही. कप्तानाकडे साधनं काय, तर होकायंत्र, वेग मोजायची गाठींची दोरी, घड्याळ आणि सेक्स्टंट. सूर्य-तारे दिसले तर जागा कळते. ढग असले तर शेवटच्या मोजणीपासून पुढे अंदाज. आता पाण्याचा प्रवाह फक्त अर्धा नॉट धरा. बोटीवरच्या माणसाला तो जाणवणारही नाही, कारण त्याच्याबरोबर आजूबाजूचं सगळं पाणीच सरकत असतं. पंचेचाळीस तासांत हा न जाणवणारा प्रवाह बोटीला बावीस मैल बाजूला नेऊन ठेवतो. आणि हा प्रवाह वर्षभर एका दिशेचा नाही. पावसाळ्यात तो पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात पश्चिमेकडे, नोव्हेंबर हा बदलाचा काळ. माझ्या मते या बेटाने जहाजं खाल्ली, त्यात बेटाचा दोष कमी आणि या हिशेबाचा जास्त.

कोलंबोवरचं कुणी मेलं नाही. सगळे उतरले आणि बेटावर येऊन राहिले. मिनिकॉय तेव्हा कण्णूरच्या अरक्कल घराण्याचं, म्हणजे केरळातल्या एकमेव मुसलमान राजघराण्याचं. साहेब लोक, मॅडमा, पोरंबाळं आणि खलाशी या साडेचार चौरस किलोमीटरच्या बेटावर एकदम येऊन पडल्यावर मलिकूच्या लोकांनी काय म्हटलं असेल, ते कुणी लिहून ठेवायला हवं होतं. तारायंत्र नव्हतं. बोट वेळेवर पोचली नाही एवढंच एडनला कळणार, का ते कळणार नाही.

माझं लक्ष अडकलं ते टपालात. आमच्या पत्त्यावर वर्षानुवर्षं '५६ एपीओ' एवढंच असतं. गाव नाही, तालुका नाही. आता मोबाईल आले, पण माझ्या भरतीच्या काळात पत्र हेच सगळं होतं, आणि एक पत्र गहाळ झालं की मधला एक तुकडाच गेल्यासारखं वाटायचं. पुढच्या पत्रात आई 'मागे कळवलेच आहे' म्हणून विषय संपवायची, आणि मागे काय कळवलं ते कधीच कळायचं नाही. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदुस्थानात गोऱ्या पलटणी वाढवल्या होत्या. त्या शिपायांची घरी जाणारी पत्रं याच बोटींनी जायची. नोव्हेंबरात कलकत्त्याहून निघालेलं टपाल म्हणजे घरच्यांना नव्या वर्षाच्या आगेमागे मिळणारं. ते मिनिकॉयच्या कडेवर पाण्यात.

पण सगळं गेलं नाही. या टपालातला काही भाग बाहेर काढला गेला आणि पुढे पोचवला गेला. त्या पाकिटांवर 'कोलंबोच्या अपघातातून वाचलेले' अशा अर्थाचा शिक्का मारलेला आहे. ही पाकिटं आज तिकिटं जमवणाऱ्यांच्या संग्रहात आहेत आणि लिलावात त्यांना चांगली किंमत येते. पाण्यात भिजलेल्या पाकिटाचं तिकीट सुटून जातं, शाई पसरते. तरी ते नेऊन द्यायचं, आणि उशीर का झाला तेही वर छापून सांगायचं, ही टपाल खात्याची जुनी शिस्त मला फार आवडते. साम्राज्याबद्दल माझं मत काहीही असो, ज्याने हे पाकीट वाळवलं त्याला माझा सलाम.

१८६९ नंतर सगळंच बदललं. कालवा उघडला, जहाजांची संख्या वाढत गेली, आणि या दोन वाटा जगातल्या गजबजलेल्या वाटांत गेल्या. तरी मिनिकॉयला दिवा लागायला १८८५ साल उजाडलं. दीपगृह बांधलं ब्रिटनच्या बोर्ड ऑफ ट्रेडने. उंची सुमारे ४७ मीटर. बेटाची जमीन दोन-तीन मीटर आणि त्यावर हा एवढा मनोरा, त्यामुळे तो जरा विचित्रच वाटतो, म्हणजे अंगणात उभा केलेला कुतुबमिनार. पण खर्चाचा हिशेब सरळ होता. जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांकडून दिव्याची पट्टी घ्यायची. दिवा मिनिकॉयकरांसाठी नव्हताच, वाटेने जाणाऱ्यांसाठी होता. त्यामुळेच त्याचा कारभार हिंदुस्थान सरकारच्या नव्हे तर ब्रिटिश साम्राज्याच्या दीपगृह खात्याच्या हातात राहिला. इतका की देश स्वतंत्र झाल्यावरही तो लगेच आपल्याकडे आला नाही. मिनिकॉयचं दीपगृह भारताच्या ताब्यात आलं १९५६ मध्ये. शाळेच्या इतिहासात हे नाही, पण आमच्यासारख्यांना असल्या तारखा पाठ असतात.

आणि दिवा लागल्यावर तेवीस वर्षांनी होख्स्ट त्याच बेटावर लागलं. दिव्याचा उजेड पावसाच्या दाट सरीच्या पलीकडे जात नाही. शिवाय दिवा जहाजांना जवळ बोलावतो, हेही खरं. पूर्वी कप्तान या बेटाला भिऊन लांबून जायचे. दिवा झाल्यावर तो बघून आपली जागा पक्की करायला जवळून जाऊ लागले. खुणेचा दगड आणि ठेच लागण्याचा दगड एकच झाला.

मिनिकॉयच्या दिव्याचा फायदा आणखी एका माणसाने घेतला. ऑक्टोबर १९१४ मध्ये एमडन ही जर्मन क्रूझर याच पाण्यात दबा धरून बसली होती. मद्रासवर तिने तोफा डागल्या त्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता. कप्तान कार्ल फॉन म्युलरला ठाऊक होतं की जहाजं कुठून जाणार, कारण सगळी याच वाटांनी जातात. चार-पाच दिवसांत त्याने मिनिकॉयच्या आसपास सात जहाजं पकडली. पाच बुडवली, कोळशाने भरलेलं एक सोबत ठेवलं, आणि एकावर सगळे कैदी बसवून ते सोडून दिलं. ती पाच जहाजं इतक्या खोल पाण्यात आहेत की तिथे कुणी स्नॉर्कल घेऊन जाणार नाही. खुद्द एमडन मात्र उथळ पाण्यात संपली. ९ नोव्हेंबर १९१४ ला ऑस्ट्रेलियाच्या सिडनी या क्रूझरने तिला झोडपल्यावर म्युलरने ती कोकोस बेटांतल्या नॉर्थ कीलिंगच्या प्रवाळाच्या कडेवर मुद्दाम घातली, उरलेली माणसं वाचावीत म्हणून. तिथे ती अजून आहे, तुकड्यातुकड्यांनी.

आता थोडं कडवट. बुडालेलं जहाज म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "काही मिळालं का?" सुट्टीवर गावी गेलो की हाच प्रश्न. सोनं, नाणी, निदान पितळी खिडकी. एका ओळखीच्या घरी दिवाणखान्यात पितळेचा एक जुना व्हॉल्व्ह ठेवलेला पाहिला, पॉलिश करून, खाली लाकडी पाट. कुठल्या समुद्रातला, कुठल्या जहाजाचा, कुणी काढला, काही माहीत नाही. 'खूप जुना आहे' एवढंच. माझ्या लेखी तो व्हॉल्व्ह आता जुना राहिलेलाच नाही. तो फक्त पितळ आहे. बॉयलरच्या शेजारी, त्याच्या नळीच्या टोकाला तो होता तोपर्यंत तो सांगत होता की इंजिन कुठल्या बनावटीचं, आणि जहाज लागलं तेव्हा वाफ सोडलेली होती की नव्हती. व्हॉल्व्ह उघडा होता की बंद, यावरून बॉयलर-रूममधल्या आगवाल्याने शेवटच्या मिनिटांत काय केलं ते कळू शकतं. तो आगवाला बहुधा आपल्याकडचाच असणार. मुंबईहून सुटणाऱ्या पी अँड ओ बोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी, भट्टीवर पंजाबी आणि पठाण, जेवणघरात गोव्याचे, अशी वाटणी असे. त्यांची नावं प्रवाशांच्या याद्यांसारखी छापली गेली नाहीत. त्यांच्या हाताची शेवटची खूण कुठे असेल तर ती अशा व्हॉल्व्हवर.

वस्तू जागेवर राहिली तर ती किती बोलते, याचं उदाहरण आपल्या जवळचंच आहे. गोव्याजवळ सेंट जॉर्ज रीफवर याच समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांना एका जहाजाचा माल सापडला: कौलं, फरशा, खांबांचे मातीचे भाग. कौलांवर बासेल मिशनचा शिक्का, १८६५ साल. मंगळूरला त्यांचा कौलांचा कारखाना सुरू झाला ते हे साल. म्हणजे जहाज त्यानंतरचं, आणि माल कुठला तेही कळलं. एका कौलावरून एवढं. ते कौल कुणी उचलून बागेत लावलं असतं, तर बागेत एक कौल वाढलं असतं आणि दर्यातलं जहाज मुकं झालं असतं.

लोखंडाची तर आणखी वाईट गत. समुद्रात राहून राहून लोखंडात मीठ मुरलेलं असतं. वर गंज, चुना आणि प्रवाळ यांचं कवच चढतं, आणि त्या कवचामुळेच आतलं लोखंड टिकून राहतं. ते फोडून तुकडा वर आणला की हवा लागते, आतलं मीठ काम सुरू करतं, आणि काही महिन्यांत त्या तुकड्याचे पापुद्रे सुटून भुगा होतो. संग्रहालयवाले असा तुकडा महिनोन् महिने, कधी काही वर्षंसुद्धा, रसायनाच्या पाण्यात बुडवून ठेवतात तेव्हा तो वाचतो. म्हणजे आठवण म्हणून नेलेला खिळा घरी पोचून काही दिवसांत लाल माती होणार, आणि इकडे कवच फुटल्यामुळे उरलेला पत्राही झपाट्याने जाणार. कायद्याने बघायचं तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते. १९०८ चं जहाज ती रेघ कधीच ओलांडून गेलं. पण सात मीटर पाण्याखाली कायद्याचा हात पोचत नाही, तिथे जाणाऱ्याची अक्कल हवी.

सांगलीच्या पोराने त्या दिवशी तळावर पडलेली एक वाटीएवढी गोल चकती उचलली, पाहिली, आणि माझ्याकडे बघत जिथून घेतली तिथेच ठेवली. मी बोटानेच 'छान' केलं. पुढल्या खेपेला त्याने पाण्यात चालणारी पाटी आणि पेन्सिल आणली आणि बॉयलरच्या भट्ट्यांची तोंडं मोजून घेतली. आता तो मला सिलिंडरबद्दल विचारतो. मला जेवढं येतं तेवढं मी वर लिहिलंच आहे.

प्रवाळाबद्दल एक सांगायचं राहिलं. लोखंडावर प्रवाळ छान धरतो, त्यामुळे असं जहाज म्हणजे कडेचाच एक भाग होऊन जातं. पण लक्षद्वीपचं पाणी १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये इतकं तापलं की प्रवाळ पांढरा पडला, आणि २०२४ मध्ये पुन्हा. बॉयलरच्या माथ्यावर मेलेल्या प्रवाळाच्या फांद्या आहेत, शेवाळ चढलेल्या. त्यांच्यामधून नखाएवढी नवी पिल्लं येताना दिसतात. जगतील की नाही, ते पाणी पुन्हा कधी तापतं त्यावर आहे.

ज्यांना यायचं असेल त्यांच्यासाठी. बाहेरच्या माणसाला लक्षद्वीपला परवाना लागतो, तो आधी काढा. कोचीहून जहाजाने यावं लागतं. समुद्र साधारण नोव्हेंबर ते एप्रिल बरा असतो, पावसाळ्यात त्या कडेकडे बघायचंही नाही. उथळ पाणी म्हणून निष्काळजी होऊ नका. खोल बुडीत दाबाचा धोका असतो, इथे धोका लाटेचा. एक उसळी तुम्हाला दोन मीटर उचलून गंजलेल्या पत्र्याच्या धारेवर नेऊन सोडते. वारा पडलेला दिवस, भांगाची भरती आणि इथलाच होडीवाला, या तीन गोष्टी जुळल्या तरच जा. खाली बॉयलरच्या आत शिरू नका, आणि वर फोटोसाठी उभे राहू नका. वरचा पत्रा काही ठिकाणी बोटाएवढाही जाड उरलेला नाही.